सेकंदाची शेपटी

तलासरीच्या बाजारात सुदाम कलिंगडाच्या ढिगाकडे वळला की विकणारी बाई आधी घोटभर पाणी पिऊन घेते. पुढे बरंच बोलायचं असतं. सुदाम कलिंगड वाजवतो, हुंगतो, देठ बघतो, कुठल्या शेतातलं ते विचारतो, उत्तर ऐकून घेतो, आणि उत्तर इतकं पटकन कसं आलं म्हणून शेजारच्या ढिगाकडे जातो. वाणगावची मिरची असेल तर एक चावून बघतो. तिखट लागली तर म्हणतो, "ही मुद्दाम वर ठेवलेली." नाही लागली तर म्हणतो, "बघा, मी बोललो नव्हतो?" घरात चिकू पिकायला घातले की येताजाता एकेक दाबून बघतो. त्याची बायको गंगी आल्यागेल्याला सांगते, "आमच्याकडे चिकू पिकत नाय. दबून मरतो."

बरं, असल्या स्वभावाला नोकरीही तशीच मिळाली, त्याला तो तरी काय करणार? डहाणू रोडला फुग्यांच्या एका कारखान्यात सुदाम चेकर आहे. तयार मालातून मूठभर फुगे उचलायचे, ताणायचे, फुगवायचे, उजेडात धरून बघायचे. सारा जन्म संशय घ्यायचा आणि महिन्याला पगार उचलायचा, असं सुख कुणाला मिळतं? त्यातला एक नियम मात्र त्याला फार आवडतो आणि तो घरीदारी ऐकवतो. तपासलेला माल पेटीत जात नाही. एकदा ताणलेला फुगा हवा सोडली तरी पहिल्यासारखा होत नाही, सैल पडतो. म्हणून तपासलेले फुगे वेगळ्या लाल बादलीत. कारखान्यातून येताना ते तो खिशात घालून आणतो, आणि त्याच्या गावातल्या, ताडपाड्यातल्या, सगळ्या पोरांचे फुगे जरा सुरकुतलेलेच असतात.

गेल्या दोन वर्षांत कारखान्याच्या ऑफिसात मालाचे आकडे कॉम्प्युटरवर भरायला लागले. ऑफिसातल्या सुषमाने आकडे भरायचे आणि सुदामने ते तपासायचे असं ठरलं. सुषमाने त्याला शिकवलं, "दादा, रकान्यातल्या घरावर दोनदा क्लिक करा. आतला खरा आकडा दिसतो. बघा, एंटर दाबा, खालच्या घरात जा. शेवटी मशीन काहीतरी विचारेल. हो म्हणा." सुदामला हे मनापासून पटलं. वरून दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा नाही, आत काय आहे ते बघायचं! ज्या कुणी हे यंत्र बनवलं तो माणूस आपल्यासारखाच असला पाहिजे, असं त्याला वाटलं. डोळ्यांवर चष्मा, तोंडात बोट, दोन क्लिक, एंटर. दोन क्लिक, एंटर. असे त्याने हजारो आकडे तपासले आणि एकही कधी बिघडला नाही.

कोसबाडची टेकडी मागे टाकून तलासरीकडे निघालं की आत वळल्यावर ताडपाडा लागतो. नावाप्रमाणे ताड आहेत आणि ताडांना शोभेल अशी भांडणंही आहेत. चैत्रात गावदेवीची जत्रा भरते, तेव्हा ताडावर चढायची शर्यत लागते. जिंकेल त्याला बक्षीस वगैरे काही नाही, पण देवीच्या ताडाचे पहिले ताडगोळे उतरवून देवीपुढे ठेवायचा मान त्याचा. आणि वर्षभर त्याची आई विहिरीवर अशा काही डौलाने येते की बाकीच्या बायकांच्या कळशा आपोआप बाजूला सरकतात.

पूर्वी दोन गडी दोन झाडांवर एकदम चढायचे. मागच्या वर्षी हरलेल्याने सांगितलं, "माझं झाड उंच होतं." मग झाडं मोजायला दोरी आणली. मग दोरी कुणाच्या घरची यावरून भांडण झालं. शेवटी या वर्षी गावकीने ठरवलं की एकच झाड, एकेकाने चढायचं, आणि निकाल घड्याळावर. झावळ्यांच्या खाली पितळी घंटा बांधायची, चढणाऱ्याने ती वाजवायची. आश्रमशाळेतले चिमण मास्तर त्यांचं स्टॉपवॉच घेऊन खाली उभे राहणार, वेळ ओरडून सांगणार, आणि सुदामची पोरगी हर्षदा ती लॅपटॉपवर भरणार. हर्षदा तलासरीला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. लॅपटॉप तिचाच.

तिने पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "मास्तर, नुसते सेकंद सांगून भागायचं नाय. दोघं सारखे आले तर? सेकंदाच्या पुढची शेपटी पण सांगा. मी रकानाच घड्याळाच्या वेळेचा करून ठेवते, पॉइंटच्या पुढचे दोन आकडे दिसतील असा."

तेव्हापासून अख्खा पाडा त्याला शेपटीच म्हणतो.

शर्यतीच्या दिवशी सगळं गाव ताडाकडे बघत होतं आणि सुदाम हर्षदाकडे. तो ढोलवाल्याच्या बाजूला उकिडवा बसला होता. कुणीही चढलं तरी पोरीची मान खाली, लॅपटॉपात. सुदामचा भाचा नविन चढला तेव्हाही मान खाली. पायात दोरीचा फास अडकवून पोरगा कसला सरसर वर गेला, पण हिने बघितलंही नाही. मग पलीकडच्या पाड्यातला दिपक चढायला आला, आणि सुदामला दिसलं की पोरीची मान वर. दिपक घंटेपर्यंत पोचला तेव्हा तर तिचं तोंड जरा उघडंच राहिलं होतं.

"अस्सं," सुदाम मनात म्हणाला.

हे 'अस्सं' साधं नव्हतं. नविन म्हणजे त्याच्या बहिणीचा, शुक्रीचा मुलगा. शुक्री गेली दोन वर्षं येताजाता ऐकवत होती, "मामाची पोरगी भाच्याला नाय द्यायची तर कुणाला द्यायची?" सुदामने अजून होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही, कारण शुक्रीला इतकी घाई का, हे त्याला अजून कळलेलं नव्हतं.

मास्तरांनी नविनचे सांगितले अडतीस. दिपकचेही अडतीस. अडतीस सगळ्यांनी ऐकलं. पुढची शेपटी मास्तर ओरडले तेव्हा ढोलवाल्याला नेमका जोर चढला, त्यामुळे ती ऐकली फक्त शेजारी बसलेल्या हर्षदाने. मास्तरांनी पुढच्या गड्यासाठी घड्याळ शून्यावर आणलं. निकाल मात्र त्या दिवशी सांगत नाहीत. जत्रेच्या दिवशी ताडी वाहते, आणि ताडीवर निकाल ओतला की डोकी फुटतात, हे गावकीला अनुभवाने माहीत. निकाल दुसऱ्या दिवशी, देवीची पूजा झाल्यावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा विहिरीवर गेली आणि लॅपटॉप खाटेवर राहिला.

आता तुम्हीच सांगा, मांजरापुढे बोंबील ठेवून वर त्याला मांजर म्हणायचं, हा कुठला न्याय? सुदामने आधी दाराबाहेर बघितलं. मग खिडकीबाहेर. मग लॅपटॉप उघडला. पासवर्ड त्याने कधीच मागून वाकून पाहून ठेवला होता. फाईल समोरच होती. एकीकडे नावं, दुसरीकडे वेळा. वरवर नजर टाकायची त्याची पद्धत नव्हती. त्याने थेट पहिल्या घराशी नाक नेलं. दोन क्लिक.

आत दिसलं, बारा वाजून एकेचाळीस सेकंद. पुढे इंग्रजीत ए आणि एम.

सुदाम थबकला. ए एम त्याला माहीत होतं. कारखान्याच्या हजेरीवर असतं ते, दुपारच्या आधीचं. म्हणजे बारा, तेही रात्रीचे! एंटर. पुढचं घर, दोन क्लिक. बारा वाजून चव्वेचाळीस सेकंद, ए एम. एंटर. पुढचं. बारा. एंटर. नविन, बारा वाजून अडतीस सेकंद. एंटर. दिपक, तेच. एंटर.

शर्यत झाली दिवसाढवळ्या. उन्हाने टाळू तापली होती. आणि फाईल म्हणते रात्रीचे बारा. म्हणजे रात्री बाराला कुणीतरी हे आकडे पुन्हा भरले. आणि हे कुणीतरी कोण, हे सांगायला भगत कशाला लागतो?

त्याने खालपर्यंत एकही घर सोडलं नाही. संपल्यावर चष्मा पुसला, मागे सरकला, आणि पहिल्यांदाच पूर्ण रकाना नजरेत घेतला. अडतीस, पॉइंट, शून्य शून्य. एकेचाळीस, पॉइंट, शून्य शून्य. वरपासून खालपर्यंत शेपटीच्या जागी नुसती शून्यं, चिकूच्या झाडावर वटवाघूळ फिरून गेल्यासारखी. नविन आणि दिपक बरोबरीत.

सुदामने चष्मा काढून हातात धरला. संशय घेणं वेगळं आणि तो खरा निघणं वेगळं. आजवर त्याचा एकही संशय खरा निघाला नव्हता, त्यामुळे पुढे काय करायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं. त्याने फाईल बंद केली. मशीनने काहीतरी विचारलं. त्याने सवयीने हो म्हटलं.

मग तो चुलीपाशी गेला. गंगी भाकरी थापत होती.

"पोरगी काल कधी झोपली?"

"तू घोरायला लागलास त्याच्यानंतर."

"म्हणजे कधी?"

"मी काय तुझ्या घोरण्याला घड्याळ लावते?"

"उजेड होता का तिच्याकडे? लॅपटॉपचा?"

"मोबाईलचा होता. आजकालच्या पोरींकडे चांदणं त्याचंच." गंगीने भाकरी उलटवली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "काय झालं? कुठलं कलिंगड वाजवतोयस आता?"

सुदामचं डोकं चालायला लागलं. मोबाईलचा उजेड होता म्हणजे पोरगी जागी होती. जागी होती म्हणजे बोलत होती. बोलत होती म्हणजे दिपकशी. त्याने सांगितलं असणार, शेपट्या खोड, नाहीतर नविन जिंकतो. धागा धागा जुळत गेला. आणि प्रत्येक धागा जुळताना त्याला आनंद व्हायचा तो झाला नाही. ही पोरगी लहानपणी त्याच्याच मांडीवर बसून फुगे उजेडात धरायची. "बा, यात भोक," म्हणायची, आणि खरंच भोक असायचं. तिने खोटं लिहिलं? पूजेनंतर सगळा पाडा जमणार, फाईल उघडणार, आणि सुदामची पोरगी चोर ठरणार. पिढ्यान्पिढ्या विहिरीवर हेच चघळलं जाणार.

आपण गप्प राहायचं, असं त्याने ठरवलं. काही झालं तरी गप्प.

पूजा झाली. देवीच्या मांडवात सगळे बसले. चिमण मास्तरांनी खाकरून घसा साफ केला आणि म्हणाले, "हर्षदा, सांग बाय निकाल."

हर्षदाने लॅपटॉप उघडला. तिचे डोळे रकान्यावरून खाली गेले, परत वर आले, परत खाली.

"मास्तर," ती म्हणाली, "शेपट्या गेल्या."

"गेल्या म्हणजे? कुठे गेल्या?"

"सगळ्यांच्या शून्य झाल्यात. मी भरल्या होत्या. दिपकची चौदा होती, नविनची एकेचाळीस. मला लक्षात आहे ना!"

शुक्री ताडकन उभी राहिली. तिच्या बांगड्यांचा आवाज आधी आला आणि मग तिचा. "वा गो माझे बाय! फाईलीत नाय आणि तुझ्या लक्षात आहे? आणि तुझ्या लक्षात दिपकच जिंकतो? मास्तर, तुम्ही सांगा. किती होती शेपटी?"

"अहो, एवढे गडी चढले. मला काय एकेकाची शेपटी आठवते?" मास्तर बिचारे घड्याळ उलटंसुलटं करून बघायला लागले, जणू शेपटी आत कुठे अडकली असेल.

"माझा नविन जिंकलेला! ह्या पोरीने शेपटी खाल्ली. कुणासाठी खाल्ली ते सगळ्यांना दिसतंय. कालपण दिसत होतं."

"आते, तोंड सांभाळून बोल," हर्षदा म्हणाली.

"तू आधी शेपट्या सांभाळायच्या होत्या!"

नविन खाली मान घालून बसला होता. दिपक मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, त्याने काही बोलायला तोंड उघडलं, पण शेजारच्याने दंड दाबला. आता तो बोलला असता तर आगीत रॉकेलच. मग कुणीतरी म्हणालं, "सुदाम, तू सांग. पोरगी तुझी. तुझ्याइतकं बारीक बघणारा पाड्यात दुसरा कोण?"

गप्प राहायचं ठरवलेलं होतं. पण 'तुझ्याइतकं बारीक बघणारा' हे शब्द कानावर पडले आणि सुदाम उठलाच. हर्षदाने त्याच्याकडे बघितलं. बा आता आपली बाजू घेणार, असं तिच्या डोळ्यांत स्पष्ट होतं.

"रात्री बारा वाजता," सुदाम म्हणाला, "फाईलीत हात फिरलाय. मी सकाळी बघितलंय."

मांडवात इतकी शांतता झाली की देवीपुढच्या कोंबड्यालाही संशय आला.

"बा," हर्षदा हळू म्हणाली, "तू माझी फाईल उघडलीस?"

"उघडली. तपासली. माझं कामच ते."

"आणि तुला वाटलं मी चोरी केली."

"मला वाटत नाय. मला दिसलं."

"अरे, खोडायचंच असतं तर मी माझ्याच माणसाची खोडली असती का? तो जिंकत होता! शेपटी गेली त्यात त्याचंच नुकसान आहे ना!"

ती बोलून गेली आणि तिच्या लक्षात आलं. मांडवाच्या तर आधीच लक्षात आलं होतं.

"माझ्याच माणसाची!" शुक्रीने छातीवर हात मारला. बायकांच्या बाजूला कुजबुज उठली, पुरुषांच्या बाजूला कुणीतरी खोकल्याच्या नावाखाली हसलं, आणि गंगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत इतकी निवांत वर बघत बसली की तिला हे आजच कळलं असं म्हणायला कुणी धजावलं नाही. मास्तरांनी हातातली शिट्टी फुंकली. आश्रमशाळेची सवय.

हर्षदाचा चेहरा लाल झाला होता, पण आता ती मागे हटणारी नव्हती. तिने लॅपटॉप बापापुढे ठेवला. "रात्रीचे बारा कुठे दिसले ते दाखव. सगळ्यांसमोर दाखव."

सुदामने चष्मा लावला. नविनच्या घरावर दोन क्लिक. "हे बघा. बारा वाजून अडतीस. ए एम. वाचा मास्तर."

मास्तरांनी वाचलं आणि मान हलवली. आहे खरं.

"आता किती वाजले?" हर्षदाने विचारलं.

"दहा वाजत आलेत," मास्तर म्हणाले.

तिने खालच्या एका रिकाम्या घराकडे बोट केलं. "बा, तूच आकडा सांग. शेपटीसकट. कुठलाही."

"वीस," सुदाम सावधपणे म्हणाला. "शेपटी सतरा."

तिने सगळ्यांसमोर भरलं. वीस, पॉइंट, सतरा. "आता आत बघ."

दोन क्लिक. बारा वाजून वीस सेकंद. ए एम.

"मी आत्ता भरलं ना? दिवसा? ह्याला नुसते सेकंद दिले की हे ते दिवसाच्या सुरुवातीपासून मोजतं. दिवस सुरू होतो रात्री बाराला. म्हणून अडतीस सेकंद म्हणजे ह्याच्या लेखी बारा वाजून अडतीस सेकंद. कधीही भर, सकाळी भर, दुपारी भर, हे बारा वाजूनच दाखवणार."

मास्तरांनी "हां हां हां" केलं, म्हणजे त्यांना आत्ताच कळलं होतं. सुदामला एकदम हलकं वाटलं, आणि हलकं वाटलं म्हणून लगेच शंकाही आली. पण बोट सवयीने पुढे गेलं. एंटर.

वीस, पॉइंट, शून्य शून्य.

सुदाम बघत राहिला. मास्तर बघत राहिले. हर्षदाचा हात तोंडावर गेला.

"तू काहीतरी केलंस," सुदाम म्हणाला.

"माझे हात इथे आहेत, बा."

"मी भरतो." त्याने एका बोटाने, ओठ हलवत, आकडा भरला. तीस, शेपटी पंचवीस. दिसली शेपटी. दोन क्लिक. आत बघितलं, शेपटी नाही, नुसते तीस. एंटर. शून्य शून्य. परत भरला. परत तेच. चौथ्यांदा त्याने दुसऱ्या बोटाने करून बघितलं, न जाणो बोटातच काही असेल.

"आत शेपटी दिसतच नाय," हर्षदा म्हणाली. तिला आता सगळं कळलं होतं आणि ते कळल्यावर तिच्या आवाजात रागापेक्षा थकवा जास्त होता. "आतल्या पट्टीत हे पूर्ण सेकंदच दाखवतं. नुसतं बघून बाहेर आलास तर काय होत नाय. पण तू एंटर दाबलंस की त्याला वाटतं, माणसाने हाच आकडा नव्याने भरला. मग ते शेपटी सोडून देतं. बाहेरून जे दिसत होतं तेच खरं होतं, बा. तू सकाळी किती घरं अशी तपासलीस?"

"सगळी."

"एकपण सोडलं नायस?"

"मी कधी सोडतो का?" सुदाम म्हणाला. ह्या वाक्याचा त्याला जन्मभर अभिमान होता. आज ते तोंडातून बाहेर पडलं आणि समोर येऊन उभं राहिलं.

"आणि शेवटी मशीनने 'बदल ठेवू का' विचारलं तेव्हा?"

"हो म्हटलं."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "चिकू दबून मेला," आणि मांडव जो हसला तो हसला. शुक्रीला हसायचं नव्हतं, पण तिच्याही बांगड्या वाजल्या. सुदाम तसाच उभा. ताणून सोडलेले किती फुगे त्याने लाल बादलीत टाकले असतील. हात लावलेली वस्तू पहिल्यासारखी राहत नाही, हे ज्या माणसाला पगार देऊन शिकवलं होतं, त्याने सकाळी घर न् घर ताणून सैल केलं, वर पोरीच्या नावाने बोंब मारली.

"तपासलेला माल पेटीत जात नाय," तो शेवटी म्हणाला. "फाईल बाद करा. दोघं परत चढतील. आणि ऐका सगळे. पोरीने काय केलं नाय. शेपटी मी खाल्ली."

"सगळी एकट्याने?" ढोलवाल्याने विचारलं. "आम्हाला निदान बोलवायचंस तरी!"

परत हसणं. हर्षदा मात्र हसली नाही. तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला. "परत चढतील तेव्हा भरायला दुसरं कुणी बघा, मास्तर," ती म्हणाली. "ज्याच्या घरातच त्याच्यावर चौकी, त्याचं लिहिलेलं गावाने का मानावं?" आणि ती निघून गेली.

पुढच्या रविवारी चढायचं ठरलं. तोवर पोरगी बापाशी बोलली नाही. जेवायला वाढायची, पाणी द्यायची, बोलायची नाही. सुदाम कारखान्यात जायचा, फुगे ताणायचा, घरी यायचा, खाटेवर बसायचा. लॅपटॉप समोरच उघडा असायचा. तिने तो मुद्दाम तसा ठेवला होता का, अशी शंका त्याला आली, पण ती त्याने गिळली. शंका गिळली की कशी लागते हे त्याला पहिल्यांदाच कळत होतं. पालापेंढ्यात चिकू घातले होते, त्यांनाही त्याने हात लावला नाही. गंगीने गुरुवारी पेंढा बाजूला केला आणि कपाळाला हात लावला. "अगो बाय! ह्या घरात चिकू पिकला!"

सुदामने त्यातला एक उचलला. बोटांनी नाही, तळहातावर, अंड्यासारखा. हर्षदा ओट्यावर बसली होती. त्याने तिच्यापुढे हात केला.

"हा दाबलेला नाय," तो म्हणाला.

हर्षदाने चिकूकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग तिनेच तो अंगठ्याने दाबून बघितला. अगदी त्याच्यासारखा, डोळे बारीक करून.

"पिकलाय," ती म्हणाली, आणि खाल्ला.

"येशील रविवारी?"

"माझी फाईल तपासणार?"

"नाय."

"आते सांगेल. सगळे सांगतील. तुझ्या हाताला खाज सुटेल."

"सुटू दे."

रविवारी हर्षदा लॅपटॉप घेऊन ताडाखाली बसली. ढोलवाल्याला मास्तरांनी लांब, पिंपळाखाली बसवलं होतं. आधी नविन चढला, मग दिपक. ह्या वेळी पोरीची मान दोघांच्याही वेळी वर होती, म्हणजे शहाणपण आलं होतं. दोघांचे पुन्हा अडतीस. गावाने कपाळ बडवलं. फरक शेपटीचा, तोही असा की डोळ्याची पापणी लवेल तेवढाच. शेपटी दिपकची आखूड.

मास्तरांनी निकाल जाहीर करायच्या आतच शुक्री भावापाशी येऊन बसली. तिचा आवाज आता साखरेत घोळवलेला होता. "दादा, एकदा आत बघ ना. तुझ्यासारखं कोण बघतं? तू बघितलंस की मी मानते."

सगळा पाडा सुदामकडे बघायला लागला. लॅपटॉप हाताच्या अंतरावर होता. हर्षदाने तो झाकला नाही, ओढला नाही, फक्त त्याच्याकडे बघत राहिली. सुदामची बोटं वळवळली. शेपटी खरंच आखूड आहे? मास्तरांनी बटण उशिरा दाबलं असेल? पोरीला नीट ऐकू आलं असेल? एवढे प्रश्न त्याच्या डोक्यात एकाच वेळी घुसले की घंटा वाजल्यासारखं झालं. त्याने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर दाबून बसला.

"आत बघितलं की जातं, शुक्रे," तो म्हणाला. "पोरीने लिहिलंय. बाहेर दिसतंय तेच खरं."

शुक्री तोंड वाकडं करून उठली. नविनने जाऊन दिपकच्या पाठीत धपाटा घातला, दिपकने देवीच्या ताडाचे पहिले ताडगोळे उतरवले, आणि गंगी शेजारणीला सांगत होती की मला बाय काहीच माहीत नव्हतं, जे ऐकून शेजारीण जमिनीकडे बघून हसली.

हर्षदाने लॅपटॉप मिटला आणि येऊन बापाशेजारी बसली. मग सुदाम हळूच तिच्याकडे वाकला.

"एक विचारू?"

"विचार."

"घंटा कुणी बांधली होती? मागच्या वेळेपेक्षा जरा खाली वाटली."

"तूच बांधलीस, बा. काल. तीनदा उतरून तीनदा बघितलीस."

सुदामने वर बघितलं, खाली बघितलं, आणि हात मांडीखालून अजून काढले नव्हते ते तसेच राहू दिले.